पंडितजींच्या हातची टाकी

दिवाळी अंकासाठी झाशीतल्या मराठी माणसाच्या चार गोड आठवणी लिहून पाठवा, असं संपादकांचं पत्र आलं. मी तीसेक वर्षं पिकअप गाड्यांच्या हौद्यात डिझेलच्या जादा टाक्या बसवल्या. त्यात गोड काय असणार? झाशी म्हटलं की पुण्या-नागपूरचे पाहुणे किल्ल्याची चौकशी करतात, टाकीची आजवर एकानेही केलेली नाही. तेव्हा मीच सांगतो, आणि रागावूनच सांगतो, कारण या धंद्याची आठवण निघाली की मला अजून राग येतो. माझ्या मराठीत हिंदी डोकावेल. पिढ्यानपिढ्या इथे काढल्यावर ती डोकावणारच, त्याबद्दल मी माफी मागत नाही.

आधी काम समजून घ्या. आमच्याकडून भाजी, आलं असा माल भरून पिकअप गाड्या लांबच्या मंडईत जातात. कंपनीने दिलेली टाकी जाऊन-येऊन पुरत नाही, आणि त्या काळी वाटेतल्या पंपावर बऱ्याचदा दोरी बांधून पाटी लावलेली असायची, 'डीजल नहीं है'. मग माणूस काय करणार? हौद्यात, केबिनच्या पाठीला लागून, एक आडवी पत्र्याची टाकी बसवून घेणार. तिची नळी खाली इंजिनाकडे न्यायची, मध्ये एक कॉक द्यायचा. कॉक इकडे फिरवला की कंपनीची टाकी, तिकडे फिरवला की आमची. ऐकायला एवढंच आहे. म्हणूनच झाशीतल्या प्रत्येक ग्राहकाला वाटायचं की हे काम आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बड़ा बाज़ारातले एक व्यापारी घराच्या गच्चीवरची जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची टाकी हातगाडीवर घालून घेऊन आले. म्हणे, "इसी को फिट कर दो, इसमें जंग नहीं लगता." मी सांगितलं की जस्त डिझेलमध्ये उतरतं, त्याचा चिकट गाळ होतो आणि तो इंजिनात जाऊन बसतो. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि पुढच्या दुकानात गेले. चार महिन्यांनी इंजिन उघडावं लागलं, तेव्हा शिव्या मला, कारण 'पहिल्यांदा दाखवलं तर तुम्हालाच होतं'! दुसरे एक महाशय पेट्रोलचं जुनं पिंप घेऊन आले आणि म्हणाले, याला इथल्या इथे टाका मारून द्या, रिकामंच आहे. अहो, रिकामं आहे म्हणूनच तर भीती! भरलेल्या पिंपापेक्षा रिकाम्या पिंपातली वाफ वाईट. ते धुवून, पाण्याने गळ्यापर्यंत भरल्याशिवाय त्याच्याजवळ ठिणगी नेत नाहीत. मी ते सगळं करत होतो तेवढा वेळ ते महाशय मागे उभे राहून "पंडितजी डरते बहुत हैं" असं लोकांना सांगत होते.

चांगली टाकी कशी असते, तेही सांगून टाकतो. आत भोकं पाडलेले आडवे पत्रे लागतात, नाहीतर वळणावर शंभर लिटर डिझेल एका बाजूला धावून गाडीला ओढतं. टाकी हौद्याच्या पातळ पत्र्याला नाही, खालच्या चेसीला बोल्टने आवळायची, मध्ये रबर घालायचं. आणि वर हवेची नळी लागते. टाकीतून जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. घरात तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडते, दुसरं पाडावं लागतं, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. भरायच्या झाकणाला मी रबराचं वायसर घालून ते पक्कं बंद करत असे, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून. हवा यायची ती फक्त त्या नळीतून. बोटाएवढी जाड नळी, टाकीच्या कोपऱ्यातून वीतभर वर येणारी, धूळ जाऊ नये म्हणून तोंड खाली वाकवलेलं. आज अशी टाकी बसवायला परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

आता या 'पंडितजी'चं सांगतो. माझे आजोबा झाशीत पूजाअर्चा करत, वडील कारकून झाले, आणि मी वेल्डिंग शिकलो. मला पुण्याहवाचन येत नाही. एक संकल्प आणि दीड स्तोत्र, एवढंच माझं वेदाध्ययन. पण इथल्या लोकांच्या लेखी दक्षिणी (इकडे मराठी माणसाला तसंच म्हणतात) ब्राह्मण म्हणजे पंडित. तो तोंडावर काळी काच धरून ठिणग्या उडवत असला तरी पंडितच. माझ्या पाटीवर 'टंकी का काम' असं होतं. रंगाऱ्याने न विचारता वर 'पंडितजी' रंगवलं आणि ते कायमचं चिकटलं. गाडी तयार झाली की लोक नारळ आणि कलाव्याचं लाल सूत घेऊन उभेच. "पंडितजी, पूजा आप ही के हाथ से हो जाए!" मी आत आडवे पत्रे किती घातले, हे बघायला कुणी वाकून आत डोकावलं नाही. बोल्ट कुठे गेले हे एकानेही विचारलं नाही. माझ्या हातच्या वेल्डिंगवर यांचा विश्वास नाही आणि मला न येणाऱ्या मंत्रांवर मात्र आंधळा विश्वास! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी बहुतेकांना हाकलून देत असे. पण सगळ्यांना नाही, आणि इथेच माझी गोष्ट सुरू होते.

झाशीजवळच्या बरुआसागरचे एक भाजीचे व्यापारी होते, त्यांना सगळे सेठजी म्हणत. नवी कोरी पिकअप घेऊन ते आले तेव्हा त्यांची म्हातारी आई पुढच्या सीटवर बसली होती आणि गाडी चालवत होता लछमन. तिशीचा, सावळा, कमी बोलणारा. टाकीचं काम दोन दिवस चाललं. माझ्या तीस वर्षांत, बाबीन्याच्या लष्करी छावणीतले दोन-चार लोक सोडले तर, मला नीट प्रश्न विचारणारा हा एकटा लछमन. आत पत्रे कशाला, कॉक कुठल्या बाजूला ठेवणार, गाळ साफ कुठून करायचा, सगळं त्याने विचारून घेतलं. मला तो आवडला होता, हे मुद्दाम लिहितो.

काम संपल्यावर सेठजींच्या मातोश्रींनी ताट पुढे केलं. मी म्हटलं, "माताजी, मैं तो वेल्डर हूँ." त्या म्हणाल्या, "अरे बेटा, सूरज कहीं भी रहे, सूरज ही है." आता खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. दिवसभर लोकांचं 'जल्दी करो, सस्ता करो' ऐकल्यावर कुणी सूर्य म्हटलं तर कुणाला वाईट वाटेल? मी हात धुतले आणि पुढे झालो.

टाकी म्हणजे नुसती पेटी. तिच्यावर गंध लावणार कुठे, सूत बांधणार कशाला? वर मान काढून उभी होती ती एकच गोष्ट, हवेची नळी. मी तिला कलावा गुंडाळला, म्हातारीने दिलेल्या लाल चुनरीचा तुकडा तिच्या वाकलेल्या तोंडावरून घेऊन सुताने आवळला, तेलात कालवलेला शेंदूर लावला आणि माझ्या दीड स्तोत्रातलं अर्धं म्हटलं. वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. म्हणजे अंधुक आलं होतं. कापडातून हवा जातेच, आठवड्याभरात निघून पडेल, असा विचार मनात येऊन गेला. पण पंडिताच्या हातचा धागा झाशीत कुणी काढतं का? उलट म्हातारी दर मंगळवारी त्याच्यावर तेल-शेंदराचा नवा हात देत राहिली. हे मला पुढे कळलं.

पाच-सहा महिन्यांनी सेठजी गाडी घेऊन आले, चेहरा लाल. गाडी कानपूरच्या वाटेवर, उरईच्या अलीकडे बंद पडते. एकदा नाही, तीनदा. माल भरलेला असताना, जादा टाकीवर चालत असताना. इंजिन खोकतं आणि गप्प होतं. दोन वेळा टोमॅटो मंडईत उशिरा पोचले आणि लिलाव संपलेला. आणि गंमत म्हणजे, टाकीत डिझेल असतं! ड्रायव्हर झाकण उघडतो, बघतो, बंद करतो, थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू.

"और जानते हैं पंडितजी, ये क्या कहता है?" सेठजींनी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या लछमनकडे बोट केलं. "कहता है, ढक्कन खोलो तो टंकी साँस लेती है!"

दुकानात पाच-सात माणसं होती. सगळी हसली.

आता मला सांगा, झाशी जिल्ह्यात हे वाक्य ऐकून ज्याचे कान ताठ व्हायला हवे होते, असा एकच माणूस होता आणि तो मी. झाकण उघडल्यावर टाकी श्वास घेते, म्हणजे आत हवा नाही, म्हणजे नळी बंद आहे. शिकाऊ मुलालाही हे कळतं. पण सेठजी 'टंकी में खराबी' म्हणाले होते आणि माझं डोकं तेवढ्यावरच फिरलं होतं. माझ्या टाकीत खराबी? मी तावातावाने हौद्यात चढलो. झाकण उघडून पाहिलं, डिझेल होतं. झाकण लावलं, पंधरा मिनिटं जागच्या जागी इंजिन चालवलं. चालणारच! मी आत्ताच हवा आत सोडली होती. नळीकडे माझी नजर गेली. ती चांगली जाडजूड, लालभडक दिसत होती. मी सवयीने तिला हात जोडले.

मग खाली उतरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सेठजी, टंकी साँस नहीं लेती. साँस ड्राइवर लेता है, ढाबे की खटिया पर, खर्राटे वाली."

लोक पोट धरून हसले. मलाही आपण फार छान बोललो असं वाटलं. लछमन फाटकातून दोन पावलं आत आला, काही बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि सेठजी त्याच्यावर ओरडले, "बस कर! पंडितजी ने देख लिया ना!" तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात पुसत होतो.

त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. नुसती नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, चांगले ड्रायव्हर कुणाला नको असतात? पण माझं वाक्य बरुआसागरच्या बस अड्ड्यावर पोचलं. पंडितजींनी स्वतः तपासून सांगितलंय, हा झोपतो. तो दिसला की पोरं घोरल्याचा आवाज काढत. त्याच्या हातात गाडी द्यायला कुणी तयार होईना.

त्याच्या जागी सेठजींनी आपल्या मेव्हण्याला बसवलं. दोन महिन्यांत तोही उरईच्या अलीकडे बंद पडला. या वेळी मात्र कुणी हसलं नाही, कारण मेव्हण्याचा शब्द! तो म्हणाला टाकी खराब आहे, तर टाकी खराब आहे. त्याला कुणी खाटेवर झोपवलं नाही. ड्रायव्हरने तेच सांगितलं तर झोपाळू, आणि बायकोच्या भावाने सांगितलं तर तज्ज्ञ. हा कुठला न्याय?

सेठजी टाकी काढूनच टाकायला घेऊन आले. बोल्ट सोडून ती बाहेर काढली आणि उजेडात पाहिली, तर तिच्या दोन्ही लांब बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. बाहेरून धक्का लागून पडलेला पोचा वेगळा दिसतो. ही आतून शोषली गेली होती. मी पटाशी घेऊन नळीच्या तोंडावरचा थर खरवडायला लागलो. शेंदूर, तेल, धूळ यांचा लाखेसारखा कडक गोळा झाला होता. खाली चुनरी, चुनरीखाली सूत, आणि सुताची गाठ माझ्या हातची. सगळं खरवडून काढायला माझा हात धजेना. मी नळीच कापून घेतली.

सेठजींना तिथल्या तिथे सगळं सांगितलं. चूक माझी, लछमन खरं बोलत होता, त्याला परत बोलवा. सेठजी हसले. "अरे छोड़िए पंडितजी, पूजा ही तो थी. आपसे कौन नाराज़ है?" मी म्हटलं, माझा प्रश्नच नाही, त्या माणसाची माफी मागा. त्यांना खरोखरच कळेना मी काय म्हणतोय ते. "ड्राइवर से? माफ़ी?" एवढं बोलून ते गाडीत बसून निघून गेले.

घरी येऊन मी बायकोसमोर तासभर सेठजींवर आग पाखडली. तिने ऐकून घेतलं, कुकर उतरवला आणि म्हणाली, "अहो, मला काय सांगताय? त्या लछमन भैयाला जाऊन सांगा ना. सेठजींनी एकदा हाकललं त्याला. गावभर हसं तुम्ही केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी बरुआसागरला गेलो. नळी पिशवीत घेतली होती. लछमन मंडईत पोती उचलत होता. पाठीवर गोणपाट, केस मातीने भरलेले. मी नळी काढून त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. त्याने नळी फिरवून पाहिली.

"हमने तो तबई कई हती, पंडितजी," तो आपल्या बुंदेलीत म्हणाला, म्हणजे तेव्हाच तर सांगितलं होतं. "ढक्कन खोलो तो सूँ करकें साँस लेत. तुम तो कारीगर हते. हमें लगो, और कोऊ नईं तो तुम समझ जैहो."

मी म्हटलं, झाशीत माझ्या ओळखीचे गाडीवाले आहेत, मी तुला काम मिळवून देतो. त्याने मान हलवली. "मोड़ा-मोड़ी इतईं पढ़त हैं. नाम इतै बिगरो है, इतईं बनाओ. जैसें तब सबके सामने कई हती, ऊँसईं बस अड्डे पे कै दो."

मुलं इथेच शिकतात, नाव इथेच बिघडलं, तर ते इथेच, सगळ्यांसमोर नीट करायचं, हे मागणं अगदी रास्त होतं. आम्ही दोघं बस अड्ड्यावर गेलो. तिथे ड्रायव्हर, कंडक्टर, भाजीवाल्या बायका, ज्यांनी घोरल्याचे आवाज काढले होते ती पोरं, सगळी होती. मी चहाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो आणि आयुष्यात कधी नाही एवढ्या मोठ्याने बोललो. टाकी मी बनवली होती. हवेची नळी मी माझ्या हाताने बंद केली. लछमन खरं सांगत होता. मी खोटं बोललो, न तपासता बोललो, आणि याची रोटी घालवली. नळी वर धरून सगळ्यांना दाखवली.

मग चहावाला पुढे आला, त्याने फडक्याने खुर्ची पुसली आणि मला हाताला धरून बसवलं. "देखा?" तो लोकांकडे वळून म्हणाला, "इसको कहते हैं ब्राह्मण. एक ड्राइवर की नौकरी के लिए सारा दोष अपने सिर ले रहे हैं!"

मी ओरडलो, "अरे, दोष है ही मेरा!" तर एक जण म्हणाला, "बड़े लोग ऐसे ही बोलते हैं." चहा आला, न मागता बिस्किटं आली. मी टाकीचं शास्त्र समजावू लागलो, हवा, डिझेल, तेलाचा डबा. सगळे भक्तिभावाने माना डोलवत होते आणि एक शब्दही कुणाच्या डोक्यात शिरत नव्हता. माझ्या हातातली नळी एका म्हाताऱ्याने अलगद काढून घेतली. शेंदूर आणि कलावा पाहून त्याने ती कपाळाला लावली आणि पुढच्याच्या हातात दिली. त्यानेही लावली. अशी ती हातोहात फिरत, शेवटी कडेला उभ्या असलेल्या लछमनकडे पोचली.

त्याने ती कपाळाला लावली नाही. कापलेलं टोक तोंडाला लावून त्याने जोर करून फुंकलं, गाल फुगले, मानेच्या शिरा दिसल्या. दुसऱ्या टोकातून काहीही बाहेर आलं नाही. हे बघायला माझ्याशिवाय कुणीही तिकडे तोंड केलेलं नव्हतं.

तो गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला आणि नळी माझ्या मांडीवर ठेवली.

"हमाई नईं सुनी हती, पंडितजी," तो म्हणाला. "अब तुमाई भी नईं सुन रए."

आणि तो मंडईकडे निघाला. मी त्याला हाक मारली, खुर्चीवरून उठायला गेलो. पण एक बाई पोराला घेऊन माझ्या पायाशी वाकली होती आणि काही केल्या माझे पाय सोडत नव्हती.